रात्री दोन वाजता ग्लू कोण भरणार?

जिल्हा रुग्णालयात एंडोस्कोपीचं, म्हणजे तोंडावाटे पोटात घालायच्या दुर्बिणीचं, मशीन हवं, ही मागणी रास्तच आहे. रक्ताची उलटी झालेल्या माणसाला खासगी रुग्णालयात नेलं की पहिल्या रात्रीच्या डिपॉझिटसाठीच घरातलं सोनं मोडावं लागतं, हे गावोगाव लोकांनी पाहिलंय. पण मशीन आलं, फीत कापली, की काम झालं असं नसतं. पोटातला जो रक्तस्राव सहज थांबतो, त्याला फार काही लागतच नाही. जो थांबत नाही, त्याला नुसती दुर्बीण पुरत नाही. रात्री हजर असलेला भूलतज्ज्ञ लागतो, हात बसलेली सिस्टर किंवा तंत्रज्ञ लागतो, कपाटात चार-पाच प्रकारचं साहित्य लागतं, रक्तपेढी लागते, आणि दुर्बिणीने हात टेकले तर पुढे कुठे पाठवायचं हे आधीच ठरलेलं लागतं. राज्याच्या ३६ जिल्ह्यांत एवढं सगळं एकाच वेळी उभं राहणार नाही, हे आधी मान्य करू. म्हणून आमचं म्हणणं असं, की अवघड रक्तस्रावासाठी मशीनं वाटत सुटू नये. मोजकी पण खरोखर चोवीस तास चालणारी केंद्रं उभी करावीत, आणि बाकीच्या रुग्णालयांनी पेशंटला सावरून पाठवावं, यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि पैसे दोन्ही द्यावेत.

यावर पहिला आक्षेप अंतराचा येतो. रक्त वाहतंय आणि तुम्ही त्याला दीडशे किलोमीटर लांब न्यायला सांगता? आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. पण हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये ५१६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे जास्त धोक्याचे रुग्ण. निम्म्यांची एंडोस्कोपी पोटविकारतज्ज्ञाला कळवल्यापासून सहा तासांच्या आत झाली, बाकीच्यांची सहा ते चोवीस तासांत. तीस दिवसांत घाईच्या गटात ८.९ टक्के रुग्ण दगावले, थांबलेल्या गटात ६.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याजोगा नाही, पण घाईने जीव वाचले असं मात्र कुठेच दिसलं नाही. आता यातली मेख. सलाईन आणि रक्त देऊनही ज्यांचं ब्लड प्रेशर सावरलं नाही, ते रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे हाताशी वेळ आहे, पण सावरलेल्या पेशंटसाठी. सावरायचं काम ज्या ग्रामीण रुग्णालयात तो पहिल्यांदा पोचतो तिथेच व्हायला हवं, आणि नेमकं तिथेच आपण कमी पडतो.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी झालेला पेशंट आला की दोन्ही हातांना जाड इंट्राकॅथ (शिरेत बसवायची सुई) लागली पाहिजे, हिरवी किंवा राखाडी. गुलाबी किंवा निळ्या सुईतून सलाईन ठिबकत राहतं आणि पेशंट डोळ्यांदेखत थंड पडत जातो. रक्तगट आणि क्रॉसमॅचचा नमुना लगेच घ्यायचा. पोटातलं ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल ८० मिलिग्रॅम शिरेतून. पोटात पाणी, कावीळ, दारूची जुनी सवय किंवा आधी बॅण्डिंग (फुगलेल्या शिरा रबरी बॅण्डने बांधणं) झाल्याचा कागद, यांपैकी काहीही दिसलं तर लिव्हरच्या आजाराने फुगलेली शीर फुटली असं धरून, एंडोस्कोपीची वाट न बघता, त्या शिरांमधला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन २ मिलिग्रॅम द्यायचं. ते नसेल तर ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम एकदम आणि मग ताशी ५०. सोबत सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम. लिव्हर खराब असलेल्या माणसाला रक्तस्राव झाला की जंतुसंसर्ग मागोमाग येतो, आणि हे स्वस्त अँटिबायोटिक त्याचा जीव वाचवतं, हे पुन्हापुन्हा सिद्ध झालंय. तरी रेफर चिठ्ठ्यांमध्ये ते क्वचित दिसतं. टर्लिप्रेसिन देताना मात्र छातीत दुखण्याचा इतिहास विचारायचा. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर हेच औषध अंगाशी येतं.

चिठ्ठ्यांमध्ये हमखास दिसतं ते ट्रानेक्झामिक ॲसिड. ‘रक्त थांबायचं इंजेक्शन’ दिलं की नातेवाइकांना बरं वाटतं आणि डॉक्टरलाही. पण २०२० मध्येच लॅन्सेटमध्ये आलेल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात या औषधाने पोटातल्या रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं. थंड सलाईनने पोट धुण्याचा प्रकारही आता सोडून द्यायला हवा. रक्ताचंही तेच. अजूनही ‘हिमोग्लोबिन १० वर आणा’ असा आग्रह होतो. बार्सिलोनाच्या २०१३ सालच्या अभ्यासात ९२१ रुग्णांपैकी एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातले ९५ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ९१. जास्त रक्त भरलं की पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब वाढतो आणि बंद झालेली शीर पुन्हा फुटते. अर्थात समोर भळाभळा वाहत असेल तर आकड्याची वाट बघायची नाही, कारण पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन खोटं बोलतं. तिथे नाडी आणि ब्लड प्रेशर बघून रक्त लावायचं.

हे सगळं एमबीबीएस डॉक्टरला जमतं. महागडं मशीन लागत नाही. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, गाडीत ऑक्सिजन आणि सक्शन असतं. पेशंट गुंगीत असेल, बडबडत असेल, तर निघण्यापूर्वी श्वासनलिकेत नळी टाकावी; वाटेत उलटीतलं रक्त फुप्फुसात गेलं तर पुढे कितीही सुरेख एंडोस्कोपी झाली तरी उपयोग नसतो. चिठ्ठीत शेवटची उलटी किती वाजता, ब्लड प्रेशर किती, कोणतं औषध किती वाजता दिलं, पेशंट ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, एवढं लिहावं. ‘पुढील उपचारांसाठी रेफर’ या तीन शब्दांवर पुढच्या डॉक्टरला काहीच करता येत नाही.

आता त्या अवघड रक्तस्रावाकडे येऊ. अल्सरचा रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो. पाचातले जवळपास चार थांबतात. एंडोस्कोपीत जखमेचा तळ स्वच्छ दिसला तर पेशंटला जेवण देऊन घरी पाठवता येतं. कारंजं उडत असेल, झिरपत असेल किंवा तळाशी उघडी पडलेली वाहिनी दिसत असेल, तर मात्र उपचार तिथल्या तिथे करायचा. अवघड जागा दोन. एक, ड्युओडेनमच्या (जठरापुढच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) मागच्या भिंतीतला मोठा अल्सर, ज्याच्या तळाला गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी असते. दुसरी, जठराच्या लहान वक्रतेवर उंच बसलेला अल्सर, जो डावी गॅस्ट्रिक धमनी कुरतडतो. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी जखम, येताना शॉक (कोसळलेलं ब्लड प्रेशर), आणि या दोन जागांपैकी एक, असा मेळ जमला की हा पेशंट पुन्हा वाहणार असं धरूनच चालावं.

अशा वेळी सगळ्यात पहिला अडथळा साधाच असतो: दिसत नाही. तपासणीच्या नेहमीच्या स्कोपचं, म्हणजे दुर्बिणीचं, चॅनल (साहित्य घालायची आतली पोकळ वाट) २.८ मिलिमीटरचं, त्यात सुई घातली की सक्शन जवळपास बंद पडतं आणि गुठळ्या चॅनलमध्ये अडकतात. उपचाराच्या स्कोपचं चॅनल ३.७-३.८ मिलिमीटर असतं, सोबत पाण्याचा वेगळा जेट असतो. अनेक ठिकाणी खरेदी पहिल्याची होते, कारण निविदेत ‘गॅस्ट्रोस्कोप, एक नग’ एवढंच लिहिलेलं असतं. दुसरं, डाव्या कुशीवर झोपलेल्या पेशंटचं रक्त जठराच्या वरच्या घुमटात साठतं आणि जखम त्याखाली दडते. पेशंटला उजव्या कुशीवर वळवलं, डोकं उचललं की तळं सरकतं. पण वळवताना रक्त घशात येऊ शकतं, म्हणून आधी नळी. शिरेतून एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम अर्धा ते दोन तास आधी दिलं तर जठर बरंचसं रिकामं होतं. फार थोड्या ठिकाणी ते इंजेक्शन साठ्यात असतं.

दिसू लागलं की १:१०,००० ताकदीचं ॲड्रिनलिन जखमेच्या चहूबाजूंनी अर्धा ते दोन मिलिलीटरच्या मात्रेत टोचायचं. भोवतालचा भाग फुगतो, वाहिनी दबते, रक्त थांबतं, आणि इथेच फसगत होते. थांबलं म्हणून स्कोप बाहेर काढला तर औषध उतरल्यावर काही तासांत तेच कारंजं पुन्हा सुरू. ॲड्रिनलिननंतर दुसरा उपचार हवाच: क्लिप, किंवा वाहिनीवर दाबून धरलेली उष्णता. विजेने उष्णता देणारा बायपोलर प्रोब असेल तर १५ वॅटच्या आसपास, आठ-दहा सेकंद, जोर देऊन. दाबाने वाहिनीच्या दोन्ही भिंती चिकटल्या तरच उष्णतेने त्या सील होतात. नुसता स्पर्श करून सोडलं तर वर कोळसा आणि खाली वाहती नळी. ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर क्लिप तिरकी बसते आणि घसरते. तिथे स्कोपच्या टोकाला पारदर्शक टोपी लावली की जखम समोर धरता येते. जखमेवर घट्ट गुठळी असेल तर तिच्याकडे बघत बसायचं नाही. पाण्याच्या जोराने काही मिनिटं धुवायचं, नाही निघाली तर बुडाशी ॲड्रिनलिन टोचून स्नेअरने (तारेच्या फासाने) वरचा भाग छाटायचा आणि खालच्या वाहिनीवर उपचार करायचा.

एवढं करूनही जे वाहतं किंवा दोन दिवसांनी पुन्हा फुटतं, त्यासाठी गेल्या काही वर्षांत दोन नवी साधनं आली. पहिलं, स्कोपच्या टोकावर चढवायची मोठी क्लिप. निटिनॉल या मिश्रधातूची, दातेरी जबड्याची. ती ऊतीचा जाड घास घेते आणि खालच्या वाहिनीसकट आवळते. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि हाँगकाँगमधल्या ६६ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) पुन्हा वाहू लागलेल्या अल्सरवर नेहमीचे उपचार केलेल्या ५७.६ टक्के रुग्णांत रक्तस्राव थांबला नाही किंवा परत आला. मोठ्या क्लिपच्या गटात १५.२ टक्के. फरक मोठा आहे. पण ती कशी लावतात तेही बघायला हवं. जखम सापडल्यावर स्कोप पूर्ण बाहेर काढायचा, टोकावर क्लिपची टोपी बसवायची, तिचा दोरा चॅनलमधून ओढून मागच्या चक्रीवर गुंडाळायचा, आणि पुन्हा आत जायचं. तोवर पोट परत रक्ताने भरलेलं. टोपीमुळे स्कोपचं तोंड जाड झालेलं असतं, घशाच्या वळणावर अडतं. जोर केला तर तिथे फाटतं. जुनाट, कडक अल्सरचा तळ सक्शनने टोपीत ओढला जात नाही; तिथे टोपी नेमकी वाहिनीवर टेकवून दाबून सोडावी लागते. एकदा चुकीच्या जागी सुटली की खरी जागा झाकली जाते. दोरा गुंडाळणारा, पाणी मारणारा, क्लिप हातात देणारा माणूस रात्री दोन वाजता पहिल्यांदाच ती पेटी उघडत असेल, तर हे साधन कपाटात असून नसल्यासारखं.

दुसरं साधन म्हणजे पावडर. खनिज पावडर नळीतून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने फवारतात. ती पाणी शोषते, रक्तातले गोठवणारे घटक एकवटतात आणि वर एक थर बसतो. कर्करोगाच्या गाठीतून सगळीकडून झिरपतं तिथे क्लिप कुठे लावणार? तिथे पावडरला तोड नाही. थायलंडमधल्या अभ्यासात (२०२३) अशा रुग्णांत तीस दिवसांत पुन्हा रक्तस्राव झाला तो पावडर गटात २.१ टक्के, नेहमीच्या उपचारांत २१.३ टक्के. पण अल्सरच्या मोठ्या धमनीवर ती फक्त वेळ मिळवून देते. थर साधारण दिवसभरात सुटून जातो. वाहतं रक्त नसेल तर ती चिकटतच नाही. आणि नळी ओली राहिली की तोंडाशीच गोळा होऊन बसते. म्हणून आधी चॅनलमधून सिरिंजने हवा मारून ते कोरडं करायचं, नळीचं टोक जखमेपासून एक-दोन सेंटिमीटर दूर ठेवायचं, एक-दोन सेकंदांच्या छोट्या फवाऱ्यांनी काम करायचं. फवारल्यावर पोटात काही काळ काहीच दिसत नाही. त्यामुळे पावडर शेवटी. आधी फवारलीत तर पुढचे सगळे दरवाजे तुम्हीच लावून घेतलेत.

फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव हे वेगळंच प्रकरण. दाब पोर्टल शिरेत, फुटते अन्ननलिकेत किंवा जठरात. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: हा पेशंट म्हणजे दारुडाच, असं वॉर्डात सगळे गृहीत धरतात आणि तसे बोलतातही. हिपॅटायटिस बी, सी, मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर, आणि लहानपणीच पोर्टल शिरेत गुठळी झालेली शाळकरी मुलं, यांनाही हाच आजार होतो. आणि दारूमुळे झाला असेल तरी टर्लिप्रेसिन देण्याची घाई तेवढीच असते.

अन्ननलिकेतल्या शिरांना बॅण्डिंग. स्कोपच्या टोकावर सहा रबरी बॅण्ड चढवलेली टोपी असते. अन्ननलिका जठराला मिळते तिथून सुरुवात करून गोल फिरत वर यायचं, शीर टोपीत पूर्ण ओढली गेली, पडदा लाल झाला, की बॅण्ड सोडायचा. अर्धवट ओढून सोडलेला बॅण्ड निसटतो आणि ओरखडलेली शीर जास्त वाहते. बॅण्डिंग हे जिल्ह्याच्या रुग्णालयात व्हायलाच हवं, याबद्दल आमचा वाद नाही. प्रशिक्षित सर्जन किंवा फिजिशियनला ते चांगलं जमतं.

जठरातल्या शिरा वेगळ्या. दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ मध्ये त्यांचं जे वर्गीकरण मांडलं ते आज जगभर वापरलं जातं. घुमटातल्या मोठ्या शिरेवर बॅण्ड चालत नाही. तिथे सायनोॲक्रिलेट ग्लू, म्हणजे शिरेत टोचून ती बंद करणारा चिकट द्रव. हॅम्बर्गच्या निब सोहेंद्रांनी १९८६ मध्ये ही पद्धत सांगितली. साधन स्वस्त आहे, क्लिपच्या तुलनेत तर फारच. पण इथे यश स्कोप धरणाऱ्यापेक्षा सिरिंज धरणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. ग्लू मीठ किंवा रक्त लागताच काही सेकंदांत दगड होतो. म्हणून सुईची नळी डिस्टिल्ड वॉटरने भरायची, सलाईनने नाही. घाईत हाताला सलाईनची सिरिंज लागली की ग्लू नळीतच बसतो आणि ती सुई फेकून द्यावी लागते. नळीत किती मावतं, साधारण एक मिलिलीटर, ते आधी पाणी भरून मोजून ठेवायचं. सुई शिरेत गेली की थोडं पाणी मारून बघायचं. फुगवटा आला तर सुई शिरेच्या बाहेर आहे. मग एका दमात मिलिलीटरभर ग्लू, लगेच नळीत मावतं तेवढं डिस्टिल्ड वॉटर त्यामागे, आणि पाणी मारत मारतच सुई मागे. उशीर झाला तर सुई शिरेत चिकटते. घाई झाली तर ग्लू बाहेर सांडतो. त्या क्षणी सवयीने सक्शनचं बटण दाबलं गेलं की ग्लू चॅनलमध्ये जातो आणि काही लाखांचा स्कोप दुरुस्तीला. सिरिंज लॉकवाली हवी, कारण साधी सिरिंज दाबाने निसटते आणि ग्लू उडतो. खोलीतल्या सगळ्यांना गॉगल, पेशंटलासुद्धा. एका वेळी फार भरलं तर ग्लूचा तुकडा वाहत फुप्फुसात जातो. शेवटी सुई आत घेऊन नळीच्या बोथट टोकाने शीर दाबून बघायची: कडक लागली तर काम झालं, मऊ लागली तर अजून एक डोस.

ही क्रिया कागदावर सहा ओळींची आहे. ती न चुकता व्हायला एकाच जोडीने ती वारंवार केलेली असावी लागते. महिन्यातून एखादा ग्लूचा पेशंट येणाऱ्या रुग्णालयात, दर तीन महिन्यांनी ड्युटी बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून ते होणार नाही. त्यांचा दोष नाही, संख्येचा आहे. केंद्रं मोजकी असावीत यामागे आमचं मुख्य कारण हेच.

आणि दुर्बीण हरते तेव्हा काय? फुगलेल्या शिरांसाठी फुग्याची नळी, सेंगस्टाकेन-ब्लेकमोर, १९५० पासून आहे. ती टाकायची तर पेशंटला व्हेंटिलेटरवर घेऊन. जठरातला फुगा आधी ५० मिलिलीटर हवेने फुगवायचा, एक्स-रेत तो जठरातच आहे याची खात्री करायची, मगच २५० पर्यंत न्यायचा. ही पायरी गाळली आणि फुगा अन्ननलिकेत फुगला तर ती फाटते, आणि त्यातून पेशंट क्वचितच वाचतो. नळी ओढून धरायला वजन अर्धा किलोचं, सलाईनची ५०० मिलिलीटरची बाटली चालते. चोवीस तासांपलीकडे ठेवायची नाही. म्हणजे ही नळी टाकतानाच पुढचा फोन झालेला असला पाहिजे: पुन्हा एंडोस्कोपी, किंवा अन्ननलिकेत बसवायचा झाकलेला धातूचा स्टेंट, किंवा टिप्स, म्हणजे लिव्हरमधून वाट काढून पोर्टल शिरेचा दाब उतरवणं. अल्सर पुन्हा वाहिला तर आधी पुन्हा एंडोस्कोपीच करावी. हाँगकाँगच्या १९९९ सालच्या अभ्यासात अशा ४८ जणांपैकी ३५ जणांचं ऑपरेशन टळलं. दुसऱ्यांदाही हरलो तर रेडिओलॉजिस्टने धमनीत कॉइल (ती बंद करणारी तारेची गुंडाळी) सोडणं किंवा सर्जनने पोट उघडणं. टिप्स आणि कॉइलची सोय प्रत्येक जिल्ह्यात करण्याचं स्वप्न कोणी बघत नाही. मग त्याच्या एक पायरी आधीची अवघड एंडोस्कोपी तरी तिच्यापासून तोडून का ठेवायची? ब्रिटनमध्ये रुग्णालयांतल्या मृत्यूंची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये हेच सुचवलं: पोटातल्या रक्तस्रावाचे रुग्ण चोवीस तास एंडोस्कोपी, आयसीयू आणि सर्जरी असलेल्या ठिकाणीच भरती करावेत, आणि रेडिओलॉजिस्टची सोय तिथे नसेल तर ती कुठून मिळेल याचा लेखी करार असावा.

आपल्याकडे आराखडा तयारच आहे. आरोग्य खात्याची आठ परिमंडळं आहेत: ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला, नागपूर. प्रत्येकात एका सरकारी मेडिकल कॉलेजला जोडून एक रक्तस्राव केंद्र. उपचाराचे किमान दोन स्कोप, कारण एक धुण्यात किंवा दुरुस्तीत असणारच. रात्रीच्या ऑन-कॉल यादीत दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ. आणि एकच फोन नंबर, जो उचलणाऱ्याला ‘बेड नाही’ म्हणायची मुभा नाही. जिल्हा रुग्णालयात दिवसा तपासणी, बॅण्डिंग, ॲड्रिनलिन आणि साधी क्लिप. तालुक्यात औषधं, रक्ताचा साठा, श्वासनलिकेत नळी टाकता येणारा माणूस. सिंधुदुर्गातले लोक आजही बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्येच जातात, कारण ते जवळ आहे. तिथे परिमंडळाच्या रेषेपेक्षा त्या वाटेला सरकारी मान्यता आणि पैसे मिळणं जास्त उपयोगाचं.

भामरागड-सिरोंचा किंवा धडगाव-अक्कलकुव्याला हे पुरणार नाही, हा आक्षेप मात्र आम्हाला खोडता येत नाही. नागपूर किंवा नाशिक गाठण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, आणि तोवर सगळेच सावरलेले राहत नाहीत. तिथे जिल्ह्याच्या ठिकाणी थोडी जास्त तयारी, ग्लूसकट, आणि ती करणाऱ्या जोडीला वर्षातले काही आठवडे केंद्रात काम, एवढा अपवाद करावाच लागेल. हात बसलेले राहायचे तर तेवढं पाहिजे.

पैशाचा भाग थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण अवघड रक्तस्राव पॅकेजच्या ठरावीक रकमेत बसवायचा झाला तर रुग्णालय महाग साहित्य टाळणार, हे उघड आहे. मोठी क्लिप आणि पावडर पॅकेजबाहेर, वापरली तरच, फोटो जोडून, नियम ठरवून भरपाई द्यावी: पुन्हा वाहणारा अल्सर किंवा दोन सेंटिमीटरवरची धोक्याच्या जागेची जखम असेल तर क्लिप, गाठीचा रक्तस्राव किंवा बाकी सगळं फसल्यावर पावडर. नियमाशिवाय दिली तर प्रत्येक साध्या अल्सरवर मोठी क्लिप चढेल, हेही आम्हाला माहीत आहे. एकदाच वापरायच्या सुया धुऊन पुन्हा वापरल्या जातात, ते बंद व्हायचं तर सुईचे पैसे वेगळे दिसले पाहिजेत. आणि शिरा बांधून घरी गेलेल्या माणसाला दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलवावं लागतं, शिरा संपेपर्यंत, सोबत शिरांमधला दाब कमी ठेवणारी गोळी, कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल. तो येत नाही, कारण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. त्या खेपांचा प्रवासखर्च योजनेने दिला तर पुढची मध्यरात्रीची धावपळ टळते. तीच सगळ्यात महाग असते.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. पेशंट पहिल्या रुग्णालयात किती वाजता पोचला, पहिली रक्ताची बाटली किती वाजता लागली, एंडोस्कोपी केव्हा झाली, काय सापडलं, काय केलं, पाच दिवसांत पुन्हा वाहिलं का, सहा आठवड्यांनी तो जिवंत आहे का: आठ केंद्रांनी एवढ्या सात गोष्टी दरमहा जाहीर कराव्यात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळं होण्याची पद्धतही बंद व्हायला हवी, कारण त्या दाखल्यावर अल्सर, फुटलेली शीर आणि सहा तास न मिळालेलं रक्त यांपैकी काहीच उतरत नाही, आणि पुढच्या वर्षीचं बजेट त्याच दाखल्यांच्या बेरजेवरून ठरतं.